भैरवगढच्या उतारावरचा कछुआ

माझ्या हातून एका माणसाचा पाय गेला, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. हातून म्हणजे अगदी हातूनच. माझ्याजवळ पत्र्याचा एक डबा होता, त्यावर दोन खटके होते, आणि ते दोन्ही मी अंगठ्यांनी पुढे ढकलले. हे मी कोर्टात सांगितलं, घरात तर कितीदा सांगितलं. लिहिते आहे ती मात्र आज पहिल्यांदा.

बाबा बँकेत होते. साताऱ्याकडून बदलीवर उज्जैनला आले आणि इथलेच होऊन गेले. नानाखेड्याला नवी कॉलनी वसत होती, तिथे त्यांनी घर बांधलं. घरात मराठीच, पण आई भाजीवाल्याशी हिंदीत बोलता बोलता तशीच आमच्याशीही बोलत राहायची आणि आमच्याही ते लक्षात यायचं नाही. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो एका कापड मिलमध्ये मशिनं दुरुस्त करायच्या खात्यात होता. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून एका पॉलिटेक्निकमध्ये तासांवर शिकवत होते.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मिल बंद पडली. बंद पडली म्हणजे एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. तीनचारशे माणसं फाटकाबाहेर जमली, दगड चालले, मग पोलिसांच्या लाठ्या चालल्या. दादाच्या खांद्यावर एक लाठी बसली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. पण तो घरी आला तेव्हा त्याला त्या हाडाचं भान नव्हतं. तो मोरीत बसून शर्टावरचं दुसऱ्याचं रक्त धूत होता. लाठी बसल्यावर त्याने तीच लाठी हिसकावली होती आणि एका शिपायाला मारायला सुरुवात केली होती. शिपाई खाली पडला तरी तो मारत राहिला. चौघांनी ओढून त्याला बाजूला केलं आणि गल्ल्यांतून पळवलं, म्हणून तो सापडला नाही. "तो माझ्याच वयाचा होता गं," एवढंच तो मला म्हणाला. पुढचा महिनाभर दाराची कडी वाजली की आई आधी दादाला मागच्या खोलीत पाठवायची आणि मगच दार उघडायची.

हाड जुळलं, पण दादाला त्या खांद्याने जड उचलता येईना. दुरुस्तीची किरकोळ कामं तो घ्यायला लागला. अशाच एका कामासाठी, कुणाचा तरी पंप बघायला, तो भैरवगढला गेला. तिथे कपड्यांवर ठसे मारणाऱ्या रंगाऱ्यांची वस्ती आहे, आणि तिच्या पुढे क्षिप्रेचा काठ एकदम खाली उतरतो. काळ्या मातीच्या घळी, मधेच उघडा खडक, पुन्हा माती. खाली नदीलगत एका ठेकेदाराकडे पंपघर बांधायचं काम होतं. ट्रॅक्टर त्या उतारावरून जात नव्हता. सिमेंट, विटा, सळया, सगळं खच्चरांच्या पाठीवरून खाली जायचं. दादाच्या डोळ्यांसमोर एक खच्चर दोन गोण्यांसकट घसरलं आणि खडकावर आपटलं. ते उठेना, तेव्हा ठेकेदाराच्या मुन्शीने, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्या माणसाने, त्याच्या नाकपुडीत काठी खुपसून त्याला उठवलं.

दादा घरी आला आणि बाबांच्या जुन्या डायरीत चित्रं काढायला बसला.

मिलचं भंगार तेव्हा विकलं जात होतं. त्यातून त्याने माल ओढायच्या बॅटरीच्या ट्रॉलीच्या दोन मोटरी आणल्या. कोळशाच्या पट्ट्याचं जाड रबर आणलं, त्यावर लोखंडी अँगलचे तुकडे बोल्टांनी बसवले आणि रणगाड्याला असतात तसे दोन पट्टे बनवले. मधे चौकट, तिच्यात ट्रकच्या चार बॅटऱ्या, वर माल ठेवायला फळी. बसायला जागा नाहीच. ही गाडी माणसाशिवाय चालणार होती, तिच्यामागे वायर धरून एकाने फक्त चालायचं होतं. विजेचं काम माझं. जाड वायरींचा वीस मीटरचा जुडगा, एका टोकाला गाडी, दुसऱ्या टोकाला माझा डबा. डाव्या पट्ट्याला एक खटका, उजव्याला एक. पुढे ढकलला की पट्टा पुढे, सोडला की स्प्रिंगने मधे येऊन बंद. गाडीवर मोटर चालू-बंद करणारे मोठे कॉन्टॅक्टर होते, तेही मिलचेच, जुने. त्यांची टोकं कधीकधी ठिणगीने वितळून एकमेकांना चिकटायची, आणि मग खटका सोडला तरी मोटर चालूच राहायची. अंगणात दोनदा असं झालं. दोन्ही वेळा दादाने कॉन्टॅक्टरवर पान्हा हाणून तो सोडवला.

तेव्हा दादा म्हणाला होता की गाडीवरच एक मोठा स्विच बसवू, बॅटरी सरळ तोडणारा, कुणीही हाताने खाली ओढावा असा. मी मधेच त्याचं बोलणं तोडलं.

"डब्यावरून बंद होतंय नं, मग गाडीवर वेगळा स्विच कशाला?"

मला माझ्या डब्याचा अभिमान होता. टोकं घासून साफ केली की चिकटणार नाहीत, असं मी त्याला समजावलं. त्याने ऐकलं, कारण विजेतलं मला जास्त कळतं असं तो मानायचा.

ठेकेदाराला गाडी दाखवली त्या दिवशी तिने पाच गोण्या घेतल्या आणि तो सगळा उतार न घसरता पार केला. सावकाश, एका अंगाला जरा झुकत. वर उभे असलेले खच्चरवाले हसले आणि कुणीतरी तिला कछुआ, म्हणजे कासव, म्हणालं. नाव तेच पडलं. त्यांच्यातले सगळ्यात वडीलधारे, पन्नाशीचे, सडपातळ, त्यांना सगळे बा म्हणायचे. ते हसले नाहीत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पट्टा दाबून पाहिला, आणि दादाला घळीच्या डाव्या बाजूला घेऊन गेले. तिथे टाचेने माती उकरून म्हणाले, "इधर से मत उतारना भैया. ऊपर से सूखा दिखता है, नीचे सब पोला है." दादाने तिथे चुन्याच्या रेघा मारल्या. पुढे आठ दिवस बा रोज सकाळी त्या रेघा पुढेमागे करायचे, कारण नदीच्या ओलीने जमीन बदलत राहायची. त्यांनी दाखवलेल्या वाटेवर गाडी एकदाही फसली नाही.

ठेकेदाराने गाडी लावली आणि निम्म्या खच्चरवाल्यांना काढलं. उरलेल्यांना मुन्शीने सांगितलं की कछुआ एका खेपेला पाच गोण्या नेतो, तुमचं जनावर दोन नेतं, तर आता तीन लादा. बा बोलायला गेले, तर मुन्शीने त्यांना सगळ्यांसमोर कानाखाली मारली. बांनी गाल चोळला आणि ते आपल्या खच्चराकडे परत गेले. मी तिथून दहा पावलांवर होते. डबा माझ्या हातात होता. मी खटका ढकलला आणि गाडी पुढे नेली, कारण गोण्या खाली पोचायच्या होत्या. दादाने मात्र काम थांबवून मुन्शीची गचांडी धरली. दोघं मातीत लोळले. ठेकेदाराच्या माणसांनी सोडवलं, आणि दादाला सांगण्यात आलं की पुन्हा हात उचललास तर गाडी आमच्याकडे राहील आणि तू बाहेर. दादाने ते ऐकून घेतलं. गाडी पहिल्यांदाच कुठेतरी खरी चालत होती, तिला तिथून काढून न्यायचं त्याच्या जिवावर आलं. ते त्याने पुढे स्वतःच कबूल केलं.

त्या मारामारीनंतर चौथ्या दिवशी तीन गोण्या लादलेली एक खच्चर मादी घळीत कोसळली. ती बांच्या पुतण्याची होती. तो तेवीस-चोवीसचा, माझ्याच वयाचा, तेवढी एकच खच्चर त्याची होती. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडून हाड बाहेर आलं होतं आणि ती तीन पायांवर उठायची, पडायची, पुन्हा उठायची. पुतण्या खाली विटा उतरवत होता. तो वर पोचेपर्यंत मुन्शीने वाट मोकळी करायची म्हणून सळईच्या तुकड्याने तिच्या कपाळावर घाव घातले. एका घावात काम झालं नाही. मी मोजले नाहीत, पण पुष्कळ होते, आणि प्रत्येक घावाला तिच्या नाकातून रक्ताचा फवारा मुन्शीच्या पायजम्यावर उडत होता. नंतर तिला ओढून बाजूला करायचं होतं. मुन्शीने दादाला सांगितलं की कछुएला बांधून ओढ. दादाने नकार दिला. मुन्शीने मग माझ्याकडे पाहिलं.

मी ओढलं. दादा नको म्हणत होता तरी ओढलं. वाट अडली होती, ऊन चढत होतं, आणि मला वाटलं की हे लवकर डोळ्यांसमोरून जावं. तिच्या मागच्या पायांना दोर बांधला, गाडी चालवली, तिचं डोकं खडकावर आपटत आपटत घळीच्या कडेला गेलं. पुतण्या धापा टाकत वर आला तो नेमका त्याच वेळी. त्याने आधी खच्चरीकडे पाहिलं, मग दोराकडे, मग गाडीकडे. त्याला वाटलं, तिला गाडीनेच मारलं. त्याला तसं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही. मुन्शी तर नाहीच, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला आम्ही गाडी उतारावर आणली तेव्हा पुतण्या आणि आणखी पाच खच्चरवाले आधीच तिथे होते. पुतण्याच्या हातात सळई होती, बाकीच्यांच्या हातांत काठ्या. मुन्शीने त्यांना पाहिलं आणि तो वरच्या झोपडीकडे पळाला. दादा पळाला नाही. तो गाडीसमोर उभा राहिला आणि हात पुढे करून काहीतरी सांगायला लागला. बहुतेक कालचंच सांगत होता.

पुतण्या म्हणाला, "अब चला के दिखा."

पहिला फटका दादाच्या जबड्यावर बसला. मी तो आवाज ऐकला. ओलं लाकूड मोडताना होतो तसा. दादा गुडघ्यांवर आला, मग काठ्या पाठीवर, बरगड्यांवर पडायला लागल्या. त्याने हात डोक्यावर घेतले तर बोटांवर मारलं. दोघंजण गाडीवर तुटून पडले होते, फळी फोडत होते. मी वायरीच्या दुसऱ्या टोकाला, वर, वीस मीटरवर. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. बा मागून धावत आले. त्यांनी पुतण्याच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला मागे ओढायला लागले. त्याने कोपराने त्यांच्या तोंडावर मारलं, तरी त्यांनी सोडलं नाही. हे सगळं मला दिसत होतं. कोण मारतंय आणि कोण सोडवतंय, हे मला नीट दिसत होतं.

दादा गाडीच्या डाव्या हाताला पडला होता. पुतण्या आणि बा बरोबर समोर. मी दोन्ही खटके पुढे ढकलले.

माझ्या मनात काय होतं, हे वकिलाने विचारलं, न्यायाधीशांनी विचारलं. घाबरवायचं होतं, असं मी म्हणू शकले असते. पण मला तो माणूस चिरडायला हवा होता. सळई धरलेला तो हात मला पट्ट्याखाली जायला हवा होता.

बाकीचे बाजूला उड्या मारून पळाले. पुतण्यानेही उडी मारली आणि त्याच झटक्यात बांची मिठी सुटून ते पाठीवर पडले. पट्ट्याचा पहिला अँगल त्यांच्या पायावर चढला. तेव्हा मी खटके सोडले. उजवा पट्टा थांबला. डावा थांबला नाही. कॉन्टॅक्टर चिकटला होता. गाडी जागच्या जागी वळायला लागली आणि डावा पट्टा बांच्या नडगीवरून दळत फिरत राहिला. मी खटके मागे ओढले, पुढे ढकलले, डबा दगडावर आपटला, शेवटी वायर डब्यातून उपटून काढली. पट्टा फिरतच राहिला. बांची किंकाळी मधेच थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

थांबवलं ते पुतण्याने. त्याने सळई टाकली, गाडीवर चढला, आणि बॅटरीची जाड वायर दोन्ही हातांनी धरून उपटली. मोठी ठिणगी उडाली, त्याच्या तळव्याचं कातडं वायरीला चिकटून राहिलं. गाडी थांबली. मग त्याने तीच सळई पट्ट्याखाली घातली. दादा, जबडा लोंबत असलेला, तोंडातून रक्त आणि लाळ गळत असलेला दादा, सरपटत आला आणि आपल्या धड खांद्याने त्या सळईला रेटा दिला. त्या दोघांनी मिळून पट्टा उचलला आणि मी बांना काखेत धरून बाहेर ओढलं. गुडघ्याखाली पाय असा राहिलाच नव्हता. बांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांची शुद्ध हरपली.

त्यांना वर नेलं खच्चराच्या पाठीवर, पालथं घालून. दुसरं काहीच तो उतार चढू शकत नव्हतं.

हॉस्पिटलात बांचा पाय गुडघ्याखालून कापला. दादाचा जबडा तारेने बांधला, तीन बरगड्या मोडल्या होत्या, उजव्या हाताची दोन बोटंही. दुपारी ठेकेदार स्वतः आला, फळं घेऊन. त्याने बाबांना व्हरांड्यात नेलं. खच्चरवाल्यांनी हल्ला केला, मशीन तोडलं, तुटलेलं मशीन आपोआप चाललं, असं बयान थान्यात, म्हणजे पोलिसांकडे, लिहून द्यायचं, म्हणजे मुलीवर काही येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बाबा आयुष्यभर सरळ वागलेले. ते आत येऊन माझ्याजवळ बसले, बराच वेळ चष्मा पुसत राहिले, आणि म्हणाले, "तू काही खोटं बोलू नकोस. फक्त सगळं बोलू नकोस."

मी सगळं बोलले नाही. कॉन्टॅक्टर चिकटला होता, हे खरंच होतं. त्याआधीचं मी गाळलं. खच्चरीचंही गाळलं. पुतण्याला त्याच दिवशी पकडलं, दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या असतानाच. त्याला जामीन मिळाला नाही.

दादाला बोलता येत नव्हतं. तो डाव्या हाताने वहीवर लिहायचा, वाकडंतिकडं. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, "तू चालवलीस की आपोआप?" मी म्हणाले, आपोआप. त्याने वही मिटली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला झोप येत असे, जेवण जात असे, मी पॉलिटेक्निकमध्ये तासही घेतले. हेच मला पुढे जास्त भयंकर वाटलं. दोन महिने असे गेले. मग एकदा प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना कॉन्टॅक्टर कसा चालतो ते दाखवत होते. खटका दाबला, टोकं मिटली, तो टक्कन आवाज झाला, आणि मी मेन स्विच खाली ओढून अख्ख्या प्रयोगशाळेची वीज तोडली. तास अर्धाच सोडून मी लूना काढली आणि भैरवगढला गेले.

बा दाराबाहेर बाजेवर बसले होते. पायाच्या जागी दुमडलेलं धोतर. मी जवळ जाऊन खाली बसले आणि म्हणाले की गाडी आपोआप चालली नव्हती, मी चालवली होती, जाणूनबुजून, तुमच्या पुतण्यावर.

"पता है," बा म्हणाले. "मैं तेरी तरफ ही देख रहा था."

मी विचारलं की मग तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं. ते म्हणाले की सांगितलं, लिहिणाऱ्याने लिहिलं नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता. तेवढ्यात त्यांची बायको घरातून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं असावं. तिने माझे केस धरून मला उभं केलं आणि तोंडात मारली, मग दुसरी, मग तिसरी. माझा ओठ फुटला. बा तिला थांबवत नव्हते आणि मलाही ते थांबायला नको होतं. ती थकल्यावर उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिथून थेट पुतण्याच्या वकिलाकडे गेले.

घरी दादाला सांगितलं तेव्हा त्याच्या तारा निघाल्या होत्या, पण तोंड अर्धंच उघडायचं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. चिकटायच्या आधी चालू कुणी केली, एवढं मला कळतं." मग म्हणाला की स्विच त्याने बसवायलाच हवा होता, माझं ऐकायला नको होतं. मी म्हणाले की ऐकवलं मीच. त्यावर आम्ही भांडलो. दोष कुणाचा जास्त, यावर, अगदी लहानपणी भांडायचो तसे, आणि आई मधे येऊन रडायला लागली तेव्हा थांबलो.

कोर्टात मी सगळं सांगितलं. खच्चरीला मुन्शीने सळईने मारलं, तिला ओढलं मी, आणि गाडी माणसावर घातली तीही मी. पुतण्या कठड्यात उभा होता. खच्चरीचं ऐकताना त्याने मान वर केली. तेवढ्यासाठी तो इतके दिवस थांबला असावा असं मला वाटलं. माझ्यावरही केस झाली. पॉलिटेक्निकने पुढच्या सत्रात मला बोलावलं नाही.

ठेकेदाराने मुन्शीला कामावरून काढलं, नाव खराब झालं म्हणून. त्यानंतर आठदहा दिवसांनी मी देवास गेटजवळ बाजारातून येत होते. भरदुपारची वेळ, बसस्टँडवर गर्दी. दोन माणसांनी लूना आडवली. एकाने हँडल धरलं, दुसऱ्याने सायकलची चेन हाताला गुंडाळलेली होती, ती सोडून माझ्या डाव्या हातावर मारली, हँडलवरच. पहिल्या फटक्याला बोटं सुटली नाहीत, म्हणून त्याने आणखी मारलं. चेन कातड्यात रुतून वर येताना मांस घेऊन यायची. मुन्शी पानाच्या टपरीशी उभा होता आणि पाहत होता. त्याने तोंडातली पिंक टाकली आणि म्हणाला, "हाथ संभाल के चलाया करो, मैडम." लोक गोल करून उभे राहिले. कुणी पुढे आलं नाही, तेही मला चुकीचं वाटलं नाही. मुन्शीने बांना मारलेल्या थपडीचा आवाज ऐकून मीसुद्धा खटका ढकलून पुढे गेले होते. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं माझी अजून वळत नाहीत.

केस दीड वर्षाने मिटली. आमच्याकडे कोर्टातल्या समेटाला राजीनामा म्हणतात. दोन्ही बाजूंनी राजीनामा झाला. दादाने पुतण्यावरची आणि बांनी माझ्यावरची तक्रार मागे घेतली. बांनी अंगठा उठवला आणि वकिलाच्या आधाराने उभे राहिले. मी आधार द्यायला पुढे झाले तर त्यांनी हाताने थांबवलं. रागाने नाही. त्यांना वकिलाचा खांदा उंचीला बरोबर बसत होता. पंपघर पुढे खच्चरांनीच पुरं केलं. गाडी थान्याच्या आवारात पडून राहिली आणि तिचं रबर उन्हाने फुटत गेलं. दादा तिला सोडवायला गेला नाही. तो पीथमपूरच्या एका कारखान्यात लागला आणि कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागला.

बा मग खच्चरांसोबत पुन्हा जायला लागले, स्वतः एका खच्चरावर बसून. वाट दाखवायचं काम बसूनही होतं, असं ते म्हणत. त्यांची बायको माझ्याशी कधीच बोलली नाही. मी सणावाराला जात राहिले, ती आत उठून जात राहिली. चार वर्षांनी बा तापाने गेले, तेव्हा रडणाऱ्या बायकांत सरकून तिने माझ्यासाठी जागा केली.

पुतण्याने खच्चर पुन्हा घेतलं नाही. तो माल वाहणारा टेम्पो चालवायला लागला. एका रविवारी सकाळी तो आमच्या दारात उभा राहिला. टेम्पोच्या सेल्फ-स्टार्टरमध्ये काही बिघाड होता आणि दोन मेकॅनिकांना तो सापडत नव्हता. तुमच्या दादांना बघता येईल का, असं त्याने मला विचारलं. दादाने त्याला आत बसवलं, आधी चहा घेऊ म्हणाला. आईने दोघांना चहा आणि ताटलीत सेव दिली. दादाचा जबडा तेव्हाही नीट मिटत नसे, कडक काही चावता येत नसे. त्याने नेहमीप्रमाणे सेव चहाच्या बशीत भिजत घातली, मऊ व्हायची वाट पाहिली, आणि चमच्याने खायला लागला.

पुतण्याने ते पाहिलं. त्याने आपली ताटली खाली ठेवली, उठला, आणि बाहेर टेम्पोपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. आई माझ्याकडे पाहायला लागली. दादाने बशी संपवली, तोंड पुसलं, पान्ह्यांची पिशवी खांद्याला अडकवली, आणि पुतण्याची ताटली हातात घेऊन बाहेर गेला. मी खिडकीतून पाहत होते. दादाने ताटली बॉनेटवर ठेवली. मग पुतण्याने एक चिमूट सेव उचलली, आणि दादा टेम्पोखाली शिरला.